प्रभूला विचारण्याआधी पुण्याच्या हुतात्मा एक्सप्रेसची वेळ बघून घ्या

देवाची इच्छा ओळखायची म्हणजे दार लावायचं, गुडघे टेकायचे आणि वाट बघायची, ही पद्धत आता जुनी झाली. गुडघे दुखतात. शिवाय सोलापुरात एप्रिलमध्ये दार लावून बसणं म्हणजे शिक्षाच की हो! त्यापेक्षा सोपा उपाय सांगते.

रविवारी चर्चमधली उपासना सुटली की लगेच स्कूटर काढू नका. लिंबाखाली घोळका असतोच, तिथं जाऊन एवढंच म्हणा, "थोरल्याचं जरा ठरत नाहीये, प्रार्थनेत ठेवा." प्रार्थना कोण करतं कोण जाणे, उत्तरं मात्र तिथल्या तिथं मिळतात.

पाळक साहेब "तुम्हीच प्रभूला विचारा" म्हणाले, तर तो सल्ला मोजायचा नाही.

एखाद्या सल्ल्याला "बघू" म्हणालात तर समोरचा बायबलातलं नीतिसूत्रे १५:२२ काढेल. मसलत देणारे पुष्कळ असावेत हे वचन मसलत देणाऱ्यांना तोंडपाठ असतं. त्याच पुस्तकात बारा अध्याय आधी, ३:५ मध्ये, परमेश्वरावर भाव ठेव, आपल्या अकलेवर विसंबू नको असं आहे. ते तुम्ही काढू नका, वातावरण बिघडतं.

आणि तुमच्यासाठी दर्शन झालेला माणूस भेटला, तर सोन्याहून पिवळं! आम्हाला मागच्या गुरुवारी भेटला.

त्याआधीचं सांगते. थोरल्याला पुण्यात हिंजवडीची नोकरी आली होती. दोन महिने पोरगा पहाटे उठून प्रार्थना करत होता, पाण्याचा दिवस असला तर आधी मोटर लावून. एक दिवस म्हणाला, "आई, मला शांती इथंच राहण्यात वाटते." अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, आजीला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेतो. आम्ही दोघं आमेन म्हणालो. विषय संपला होता.

गुरुवारी ओळखीतले एक अण्णा आले. काखेत बायबल. टेकायच्या आधीच म्हणाले, "ताई, प्रभूनं मला दाखवलं. पोरगं हुतात्म्यात बसलंय, खिडकीपाशी."

"कुर्डुवाडी गेली होती का?" धाकटीनं विचारलं. मी डोळे वटारले.

अण्णा तासभर बोलले. इथं राहणं म्हणजे आज्ञाभंग, आजीच्या मायेनं पोरगं आंधळं झालंय, देवाचा हुकूम टाळून योना असाच पळाला होता. आजी आतल्या खोलीत पडून सगळं ऐकत होती. दुसऱ्या कपाला उलगडलं, अण्णांच्या मेहुण्याचा वाकडला टू बीएचके रिकामा पडलाय. डिपॉझिट फक्त दोन महिन्यांचं.

आता १ राजे १३ काढा. यहूदातून आलेल्या देवाच्या माणसाला हुकूम होता की बेथेलात भाकर खायची नाही, पाणी प्यायचं नाही, आल्या वाटेनं परतायचं नाही. राजानं घरी बोलावलं, तरी गडी हलला नाही. मग एक म्हातारा संदेष्टा आला आणि म्हणाला, मीही संदेष्टाच आहे, मला देवदूतानं सांगितलंय, चल जेवायला. साफ खोटं. हा गेला, जेवला, आणि परतताना वाटेत सिंहानं मारला. राजाला नाही म्हणणारा माणूस "देवदूतानं सांगितलं" एवढ्यावर फसला. आणि म्हातारा? तो पुढं मढं आणायला गेला, गळा काढून रडला, स्वतःच्या कबरेत पुरलं. आपल्यातले तर रडायलासुद्धा येत नाहीत. पोरगं पुण्यात एकटं पडलं, आजी इकडं गेली, तर "प्रभूची इच्छा" म्हणून मोकळे!

पण अण्णांना एकट्याला काय बोलायचं? लिंबाखाली जाऊन तोंड उघडलं कुणी? मीच. पोरगा पहाटे गुडघ्यावर असायचा, तेव्हा मी फोनवर तिघींना विचारत होते. लाज मलाही वाटली पाहिजे.

तरी सांगते, आणि आता गंमत नाही. आपलं मत असेल तर "माझं मत" म्हणून सांगा, ऐकून घेऊ. भाडेकरू पाहिजे असेल तर सरळ भाडेकरू मागा. प्रभूच्या नावाचा शिक्का त्याच्यावर मारू नका. आणि तीन खोल्यांच्या घरात आजारी माणूस पडलेलं असताना, त्याच्यामुळं कुणाचं नुकसान होतंय याचा हिशेब मोठ्यानं मांडू नका. त्या रात्री आजीनं भाकरी परत पाठवली. मला म्हणाली, "जाऊ दे त्याला पुण्याला, माझं काय राहिलंय."

बायबलातल्या, दुःखात बुडालेल्या ईयोबाचे तिघं मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. तेवढंच त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि पुढं देवाचा राग ओढवून घेतला. अण्णा, आजीला भेटायला कधीही या. कडक भाकरी, शेंगाचटणी घरात असतेच. बोलायचं मात्र नाही.