‘ग्रामपंचायतीत कोटी येतात’ या मेसेजला सरपंच म्हणून माझं उत्तर

परवा चक्कीवर दळण टाकायला गेली तर तिथं बसलेल्या एका काकूनं सगळ्यांसमोर विचारलं, “काहून वो सरपंचबाई, वरून कोटी रुपये येतात म्हन्ते ग्रामपंचायतीत, मंग आमच्या दारातली नाली काहून नाही होत?” मला वाईट वाटलं, पण प्रश्न चुकीचा नव्हता. त्यांच्या दारातली नाली खरंच फुटलेली आहे. चुकीचं आहे ते ज्याच्या भरवशावर त्यांनी विचारलं तो मेसेज, जो पंधरा दिवसापासून आमच्या दारव्हा तालुक्यातल्या जवळपास प्रत्येक गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरून राहिला. लिहिणाऱ्याचं नाव नाही, खाली फक्त ‘जागे व्हा, पुढे पाठवा’.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ग्रामपंचायतीला दरवर्षी कोट्यवधी रुपये येतात, सरपंच चेकवर सही करून ते उचलतो, त्याला वरून पन्नास हजार पगार, वावरात जायचे पांदण रस्ते तोच अडवतो, घरकुल पैसे घेऊन देतो, नळयोजनेचा पैसा त्यानंच खाल्ला, पीक विमा आणि नुकसानभरपाई त्याच्यामुळं अडते, ग्रामसभा म्हणजे नाटक, आणि बाई सरपंच असेल तर कारभार नवराच करतो. 2022 च्या डिसेंबरात तुम्ही मला थेट मतदानानं निवडून दिलं, म्हणून उत्तर द्यायचं काम माझंच आहे. जिथं मेसेज खरा आहे तिथं खरा म्हणीन.

आधी कोटीचं बघू. आपल्या गावात येणारा सगळ्यात मोठा ठरलेला पैसा म्हणजे केंद्राच्या वित्त आयोगाचा. पंधराव्या वित्त आयोगात 2020-21 या वर्षी अख्ख्या महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला 5,827 कोटी मंजूर झाले. आकडा ऐकला की डोळे मोठे होतात, मेसेजवाल्यानं पण असाच मोठा आकडा पकडला असेल, पण त्यातला 10 टक्के जिल्हा परिषदेला, 10 टक्के पंचायत समितीला आणि 80 टक्के ग्रामपंचायतींना. आपल्या राज्याची ग्रामीण लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 6 कोटी 15 लाख. भागाकार करा, माणशी साधारण साडेसातशे रुपये येतात. वर्षाचे. हजार वस्तीचं गाव धरलं तर साडेसात लाख. आणि हे चांगलं वर्ष होतं, पुढच्याच वर्षी देशभराची ही रक्कम 60,750 कोटीवरून 44,901 कोटीवर आली म्हणजे त्याच गावाला साडेपाच लाखाच्या आसपास. वाटप लोकसंख्या आणि क्षेत्रफळ दोन्ही बघून होतं म्हणून प्रत्येक गावचा आकडा थोडा इकडंतिकडं होतो, पण हजार वस्तीच्या गावात कोटी होत नाही.

बरं ते साडेपाच लाख पण मोकळे नाहीत. पंधराव्या आयोगात 2021-22 पासून 60 टक्के बंधित, म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचे, दुसरीकडं एक रुपया वळवता येत नाही. उरले सव्वादोन लाख. त्यात रस्त्यावरच्या लाईटचं बिल, शाळेची, अंगणवाडीची दुरुस्ती, एखादा लहान रस्ता. घरपट्टी, पाणीपट्टीची जी वसुली होते त्यातूनही 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांग बांधवांसाठी ठेवावेच लागतात, आणि ठेवलेच पाहिजे. काकूच्या दारातली नाली बंधित निधीत बसू शकते, सांडपाण्याचं काम आहे, यंदाच्या आराखड्यात ती आहे. मागच्या वर्षी का नव्हती तर त्या पैशात वरच्या मोहल्ल्याची पाण्याची टाकी दुरुस्त केली. टाकी आधी की नाली आधी यावर माझ्याशी भांडा, ते भांडण बरोबर आहे.

मग गावात मोठमोठे फलक लागतात, सिमेंट रोड इतक्या लाखाचा, सभागृह इतक्या लाखाचं, ते कुठून? ते राज्याच्या ग्रामविकास खात्याच्या ‘2515’ नावाच्या निधीतून, आमदार-खासदार निधीतून, जिल्हा नियोजनातून, दलित वस्ती योजनेतून. त्याची मंजुरी वर होते. फलक गावात असतो म्हणून लोकांना वाटते पैसा सरपंचानं आणला नाहीतर सरपंचानंच दाबला.

चेकवर सही करून पैसे उचलतो म्हणे. वित्त आयोगाचा पैसा चेकनं निघतच नाही. ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर बिल टाकावं लागते, आधी ग्रामसेवकाचं (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) डिजिटल सहीचं डोंगल, मग सरपंचाचं डोंगल, आणि पैसा सरळ ज्याचं बिल त्याच्या खात्यात. आराखड्यात नसलेल्या कामाचं बिल तिथं चढत नाही. आता कोणी म्हणेल दोघं मिळाले तर? मिळाले तर खाता येते, हे मी लपवत नाही. मोजमाप पुस्तिकेत तीस मीटरची नाली चाळीस मीटर लिहिली की झालं, आणि अशी गावं आहेत. म्हणून तर म्हणते की नुसतं ‘खाल्ले खाल्ले’ म्हणण्यापेक्षा टेप घ्या आणि नाली मोजा. ‘मेरी पंचायत’ नावाचं ॲप फुकट आहे, गावातल्या कोणत्याही पोट्ट्याला सांगा टाकून द्यायला, कोणत्या कामावर किती गेले ते त्यात दिसते. आपल्या गावचं कोणतंही काम मोजा, मी सोबत येते.

पगाराचं एका ओळीत सांगते. पगार नाही, मानधन आहे, दोन हजाराच्या आतल्या गावच्या सरपंचाला 3,000 होतं, सप्टेंबर 2024 ला शासनानं 6,000 केलं.

आता पांदण. हा मुद्दा मेसेजात एका ओळीचा आहे पण माझ्याकडं रोज येणाऱ्या दहा माणसात सहा याचसाठी येतात, आणि मी पण कास्तकाराच्याच घरची, श्रावणात वावरात जायचं म्हणजे काय असते मला सांगायची गरज नाही. आपली काळी भारी जमीन, पहिल्या दोन पावसातच बैलबंडीचं चाक आखापर्यंत फसते, खताचं पोतं डोक्यावर न्यावं लागते, फवारणीचं पाणी नेता येत नाही, बाईमाणसाला डवरणी-निंदणाला जाताना चप्पल हातात. त्यामुळं लोक चिडतात ते बरोबरच आहे. पण अडते कुठं ते नीट ऐका.

पहिली अडचण अतिक्रमणाची. गाव नकाशात पांदण रुंद आहे, जाग्यावर बंडी जाईल एवढीच उरली, कारण दोन्ही बाजूच्या धुऱ्यावाल्यांनी दरवर्षी नांगराचं एक-एक तास पुढं सरकवलं. ते काढायचा अधिकार सरपंचाला नाही, तहसीलदाराला आहे, 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली आणि जमीन महसूल संहितेखाली. मोजणी भूमी अभिलेखवाले करतात. ग्रामपंचायत ठराव देऊ शकते, अर्ज करू शकते, मागं लागू शकते. मोठ्या पांदणीचा ठराव आपण दिला, अर्ज दिला, नोटिसा निघाल्या, त्यातली एक नोटीस माझ्या सासरच्या भावकीत गेली, तेव्हापासून त्या घरचं आमच्याशी बोलणं बंद आहे. ‘सरपंच मुद्दाम अडवते’ हे वाचलं तेव्हा मला सगळ्यात जास्त लागलं ते याच्यामुळं. 2025 च्या मे महिन्यात शासनानं शेतरस्ता किमान तीन-चार मीटर ठेवायचा आणि सातबाऱ्यावर त्याची नोंद घ्यायची असा निर्णय केला, त्याचा आपल्याला उपयोग होईल, पण नोंद पण तलाठी-तहसीलदारच करणार.

दुसरी अडचण पैशाची. पांदण बहुतेक रोजगार हमीतून होते. तिथं मजुरीला 60 आणि सामानाला 40 असं प्रमाण जिल्ह्यात सांभाळावं लागते. काळ्या मातीत नुसता मुरूम टाकला तर पहिल्याच पावसात तो खाली जातो, तिथं खाली दगड, वर खडी, मुरूम आणि रोलर पाहिजे, म्हणजे सामानच जास्त. आणि मजुरी 2025 ला होती 312 रुपये, कापूस वेचणीच्या दिवसात त्या भावात हमीच्या कामावर कोण येणार, वेचणीला नेणारा तर घरापर्यंत ऑटो पाठवते. 2021 ला मातोश्री पांदण योजना आली ती याचसाठी, सामानाचा वरचा खर्च दुसऱ्या निधीतून जोडायचा, पण मजूरच मिळाले नाही तर मस्टर (हजेरीपत्रक) निघत नाही आणि काम पुढं सरकत नाही. इथं एक गोष्ट माझ्या हातात होती, मजुरांची मागणी उन्हाळ्यात लवकर घ्यायची, फेब्रुवारीतच. मी ती एप्रिलमध्ये घेतली, मंजुरी येईपर्यंत मृग लागला. हा दोष माझा आहे, त्याच्यासाठी मला बोला.

घरकुलाबद्दल मेसेजात लिहिलं की सरपंच दहा हजार घेतो आणि नाव टाकतो. नाव टाकायचं बटन माझ्याकडं नाहीच. आधीच्या याद्या 2011 च्या सर्वेक्षणावरून आणि 2018 च्या आवास प्लस या घरकुलाच्या सर्वेवरून आल्या, आता नवीन सर्वे ॲपवर झाला, त्यात माणसाचा चेहरा स्कॅन होतो आणि ज्याला जमते त्याला स्वतःच्या मोबाईलवरून पण अर्ज भरता येत होता. निकष पण थोडे सैल झाले, टू-व्हीलर असली तरी चालते, महिन्याची कमाई 15 हजारापर्यंत चालते, हे पुष्कळ जणांना माहीतच नाही. 1 लाख 20 हजार हप्त्या-हप्त्यानं सरळ लाभार्थ्याच्या खात्यात येतात, राज्य सरकारनं 2025 ला आणखी 50 हजार जाहीर केले, त्यातले 15 हजार सौर पॅनेलचे, आणि नवीन वाळू धोरणात पाच ब्रास वाळू मोफत आहे. तरी पण कोणी ‘नाव लावून देतो’ म्हणून पैसे मागत असेल, तो सरपंच असो, सदस्य असो, ऑफिसातला असो, देऊ नका. 1064 लावा, लाचलुचपतवाल्यांचा नंबर आहे. माझं नाव घेऊन कोणी मागितले तर मला सांगायच्या आधी तिथं सांगा.

नळयोजना. जलजीवन मिशन 2019 ला जाहीर झालं, माणशी दररोज 55 लिटर पाणी, घरोघरी नळ. आपल्या योजनेचं टेंडर आणि बिल दोन्ही जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात, ग्रामपंचायतीच्या खात्यात त्याचा पैसा आलेला नाही त्यामुळं तो खायचा प्रश्नच नाही. कंत्राटदारानं रस्ते खोदले, पाईप टाकले आणि अर्ध्यात सोडून गेला हे मात्र सोळा आणे खरं आहे, म्हातारी माणसं त्या खड्ड्यात पडली. योजना ताब्यात घेतल्याच्या कागदावर ग्रामपंचायतीची सही लागते. तो कागद माझ्याकडं दोनदा आला, दोनदा मी सही न करता वापस पाठवला. रस्ते पूर्ववत होऊन शेवटच्या घरच्या नळाला पाणी आल्याशिवाय मी सही करणार नाही, त्यासाठी योजना आणखी लांबली तरी.

पीक विमा कंपनी देते आणि तो पीक कापणी प्रयोगावर ठरते. अतिवृष्टीच्या नुकसानाचा पंचनामा तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून करतात, तुमची केवायसी झाली की रक्कम खात्यात येते. पंचनामा होताना कोणाचं वावर सुटलं तर त्याच दिवशी सांगा, मी त्यांच्यासोबत फिरत असते.

ग्रामसभा नाटक आहे म्हणणाऱ्याशी मात्र मला थोडं कडक बोलायचं आहे. वर्षात किमान चार ग्रामसभा होतात. कोरमला, म्हणजे सभा चालायला लागणाऱ्या हजेरीला, मतदारांचे 15 टक्के किंवा 100 माणसं, जे कमी असेल ते. आपली 1 मेची सभा कोरम नाही म्हणून तहकूब झाली, आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते, त्यामुळं पुढच्या वेळी वीस-पंचवीस माणसात वर्षभराची कामं ठरली. म्हणजे हजार माणसाचा पैसा पंचवीस माणसांनी ठरवला. नाटक असेल तर ते असं होते. आपल्याच विदर्भात गडचिरोलीत मेंढा-लेखा आहे, तिथल्या ग्रामसभेनं जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, 2011 ला बांबूचा वाहतूक पास स्वतःच्या हातात घेतला. आपल्याकडं जंगल नाही, त्यांचं सगळं आपल्याला लागू नाही, पण ते लोक सभेत बसतात, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलतात, आणि त्यांचा ठराव कोणाला सहज खोडता येत नाही.

राहिलं नवऱ्याचं. 1993 पासून पंचायतीत महिलांना एक तृतीयांश आरक्षण होतं, 2011 ला महाराष्ट्रानं ते निम्मं केलं, म्हणून माझ्यासारखी निंदणाला जाणारी बाई या खुर्चीवर बसली. पहिले सहा-सात महिने कागद मला समजत नव्हते, ते आमचे हेच वाचून सांगायचे आणि मी सही करायची, हे खरं आहे. मग मी रोज दुपारी ऑफिसात बसून नमुने, म्हणजे हिशोबाच्या ठरलेल्या वह्या, वाचायला शिकली, 33 नमुने आहेत, आकारणीचा नमुना 8, मागणीचा 9, पावतीचा 10, रोकड वहीचा 5. आता डोंगल माझ्या लोखंडी पेटीत असते, किल्ली माझ्या पदराला, आणि पासवर्ड यांना माहीत नाही. ज्याला खात्री करायची आहे त्यानं 14 तारखेला महिला ग्रामसभा आणि 15 ऑगस्टला झेंडावंदनानंतर मोठी सभा आहे तिथं यावं. नमुना 5 ची वही टेबलावर उघडी राहील, जो खर्च पटत नाही त्या पानावर बोट ठेवून विचारा, उत्तर मी देईन.