रेडियमची पट्टी गणवेशातच शिवून टाका

जानेवारी आला की रस्ता सुरक्षेचे कार्यक्रम सुरू होतात. शाळेत चित्रकला स्पर्धा, घोषवाक्यं, एक भाषण आणि पाच-सहा पोरांना चमकदार जॅकेट घालून पाहुण्यांबरोबर फोटो. फोटो झाला की जॅकेटं कपाटात. दुसऱ्या दिवशी तीच पोरं नेव्ही ब्लू स्वेटर, काळं दप्तर आणि काळे बूट घालून अंधारात वस्तीवरून फाट्याकडे निघालेली असतात.

आमच्या सांगली भागात जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. क्लास गाठायचा, एस.टी. चुकवायची नाही म्हणून मुली सहालाच बाहेर पडतात. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सरकारने २०२४ मध्ये सांगितलं, ते चांगलंच केलं. पण रस्त्यावर एकटी असतात ती पाचवीच्या पुढची. त्यात गळीत हंगाम. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, समोरून पांढऱ्या एलईडीचा झोत, आणि साइडपट्टीवर सायकलवरचं पोर. शर्ट पांढरा असतो हो, पण थंडीत तो स्वेटरच्या आत!

लाइट डिमवर असताना गडद कपड्यातला माणूस ड्रायव्हरला साधारण ५० मीटरवर आल्यावर दिसतो. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. म्हणजे हातात तीन सेकंद, त्यातला एक-दीड 'अरे, हे काय आहे' यातच जातो. अंगावर रेडियम असेल तर तेच पोर १५० मीटरवरून दिसतं.

पण आठवीतल्या पोराला ते जॅकेट घालायला सांगून बघा. 'मी काय रोडच्या कामावर आहे का?' हे उत्तर आमच्या घरातलंच आहे. आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. वर्गात एकट्यानेच वेगळं दिसणं त्या वयात फार जड जातं. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की वेगळं काही घालायला लावूच नका. स्वेटरच्या दोन्ही बाह्यांवर आणि दप्तराच्या पाठीवर पट्टी शिवूनच द्या. सगळ्यांच्याच अंगावर असली की कोण कुणाला चिडवणार?

दुकानात ही पट्टी राखाडी, मळकट दिसते. लोक हातात घेतात आणि 'यात काय चमकतंय' म्हणून परत ठेवतात. तिच्यात बारीक काचेचे मणी असतात, ते उजेड जिकडून आला तिकडेच परत पाठवतात. त्यामुळे ती चमकते ड्रायव्हरला, शेजारी उभ्या असलेल्याला नाही. पोरांना पटवायचं तर भाषण नको, अंधारात मोबाइलचा फ्लॅश मारून फोटो काढायला लावा. फोटोत चेहरा अंधुक आणि पट्टी पांढरीफटक. आमच्याकडे त्यानंतर सायकलच्या पेडलला, बुटाच्या टाचेला, सगळीकडे रेडियम लागलं. पायाला असलेलं तर उत्तमच, कारण ते हलतं आणि माणूस चालतोय हे लांबूनच कळतं. फक्त नंबरप्लेटवाल्याकडचं चिकटवायचं रेडियम कपड्यावर लावू नका, धुण्यात निघतं. शिवायची कापडी पट्टी वेगळी मिळते.

फिनलंडमध्ये अंधारात पायी चालणाऱ्यानेही रिफ्लेक्टर वापरावा असं कायद्यातच आहे. तिथे अर्वी लेहती नावाच्या गृहस्थाने ते आधी घोडागाड्यांसाठी केले आणि पुढे ते माणसांच्या कोटाला लटकले, असं सांगतात. आपल्याकडे हंगाम सुरू झाला की आरटीओवाले उसाच्या गाड्यांना रिफ्लेक्टर लावतात, तिथपर्यंत आपणही आलोय. गाडीवरून माणसावर यायचं तेवढं राहिलंय.

जिल्हा परिषदेच्या शाळांत गणवेशाचा निर्णय पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आला आहे. दोन गणवेशांचे ६०० रुपये मिळतात, त्यात पट्टीही बसवा म्हटलं की शिंपी वैतागणार हे मान्य. स्वेटर तर पालकच घेतात. मग निदान पट्टी समितीने एकगठ्ठा आणावी आणि पालकांनी शिवून घ्यावी.

'आधी रस्त्यावर दिवे लावा, ट्रॅक्टरवाल्यांना आवरा, पोरांना कशाला सांगता?' असं कुणीतरी म्हणणारच. शंभर टक्के बरोबर. दिव्यांसाठी ग्रामपंचायतीत भांडूच, पण तो खांब उभा राहीपर्यंत पोरं शाळेत जाणारच आहेत ना?

कुणाच्या शाळेने अशी पट्टी शिवून घेतली असेल तर मीटरला काय भाव पडला आणि शिलाई किती झाली ते कमेंटमध्ये लिहा. जूनच्या आधी बैठकीत आकडा मांडायचा आहे.