‘36 डिग्रीला कुठे स्नो पडतो का?’ – एका फॉरवर्डला उत्तर

दर हिवाळ्यात एखादं वादळ हुकलं की आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसन-इझेलिनकडच्या मराठी ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. यंदा तो आधी कॉम्प्लेक्सच्या ग्रुपवर आला, मग ढोलपथकाच्या, आणि शेवटी पुण्याहून मावशीनेही पाठवला. ‘जर्सीत असंच असतं का रे?’ असं खाली विचारून.

मजकुराचा सारांश असा: इथलं हवामान खातं मुद्दाम घाबरवतं, म्हणजे लोक ब्रेड-दूध-अंडी उचलायला धावतात. बाहेर 36 डिग्री (इथे फॅरनहाइटचा हिशोब, पाणी 32 ला गोठतं) असताना स्नो सांगतात आणि 30 असताना पाऊस पडतो, म्हणजे यांना साधं शाळेतलं विज्ञान कळत नाही. एवढे सुपरकॉम्प्युटर असून ‘3 ते 6 इंच’ असं मोघम बोलून अंग काढून घेतात. अ‍ॅपने आठ दिवस आधी 14 इंच सांगितले, पडला चिखल. समुद्र जवळ असला की स्नो टिकतच नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तेव्हा खिडकीतून बघा आणि आपलं आपण ठरवा.

मी हवामानशास्त्रज्ञ नाही, आयटीतला माणूस आहे. पण वीसेक हिवाळे या किनाऱ्यावर फावडं मारण्यात गेलेत, आणि नॅशनल वेदर सर्व्हिसची, म्हणजे इथल्या सरकारी हवामान खात्याची, ‘फोरकास्ट डिस्कशन’ (अंदाजामागचा तर्क सांगणारं टिपण) सकाळच्या चहाबरोबर वाचायची सवय लागली आहे. त्या जोरावर हे उत्तर.

घाबरवण्यापासून सुरुवात करू, कारण त्यात थोडं तथ्य आहे. 26-27 जानेवारी 2015 च्या वादळात न्यूयॉर्क शहराला 20 ते 30 इंच सांगितले होते. स्नोसाठी इतिहासात पहिल्यांदाच सबवे बंद ठेवली. सेंट्रल पार्कात पडले 9.8 इंच. ग्रुपवर ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच रात्री लाँग आयलंडवर आयस्लिपला 24.9 इंच पडले, हे कोणी सांगत नाही. सेंट्रल पार्क ते आयस्लिप अंतर पन्नासेक मैल. म्हणजे वादळ आलं होतं, अंदाजातल्या ताकदीनेच आलं होतं, फक्त थोडं पूर्वेला सरकून गेलं. युरोपियन कॉम्प्युटर मॉडेलने शहराला भरभरून दिलं होतं. 2012 मध्ये सँडी चक्रीवादळाचं वळण त्यानेच आधी ओळखलं होतं, त्यामुळे त्याच्यावर सगळ्यांचा जीव. अमेरिकन मॉडेल कमी दाखवत होतं आणि या खेपेला तेच खऱ्याच्या जवळ निघालं. सर्व्हिसच्या न्यू जर्सीतल्या माउंट हॉली कार्यालयाचे तेव्हाचे प्रमुख गॅरी झॅटकोव्स्की यांनी त्या रात्री ट्विटरवर उघड माफी मागितली. घाबरवून धंदा करणारा माणूस मध्यरात्री माफी मागत नाही. आणि ही सर्व्हिस सरकारी आहे, ब्रेड खपला काय नि शिळा झाला काय, तिला दमडीही मिळत नाही. (वादळांना ‘जुनो’, ‘स्टेला’ अशी बारशाची नावं ठेवणारं वेदर चॅनल वेगळं. ती नावं सर्व्हिस वापरत नाही. ग्रुपवर मात्र दोघांची एकत्रच पूजा होते.)

आता जिथे चुकलं तिथे चुकलं म्हणतो. 14 मार्च 2017. शहराला दीड-दोन फुटांचा अंदाज, ब्लिझर्डचा (हिमवादळाचा) इशारा. आदल्या दुपारीच मॉडेलं सांगू लागली होती की किनाऱ्याला स्लीट (बर्फाचे बारीक कडक कण) मिसळेल आणि आकडा खाली येईल. अंदाज करणाऱ्यांनी ते पाहिलं, आपसात चर्चा केली, आणि ऐनवेळी आकडा बदलला तर लोक गोंधळतील म्हणून मोठाच आकडा ठेवला. सेंट्रल पार्कात 7.6 इंच पडले. हे नंतर त्यांनीच कबूल केलं. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. लोक गोंधळले तर गोंधळू द्यावेत, माहिती दाबून ठेवू नये. पण हाही मुद्दाम घाबरवल्याचा पुरावा नाही, कारण वादळ न्यूयॉर्क राज्यात आत बिंगहॅम्टनला अडीच फुटांहून जास्त स्नो टाकून गेलं.

आणि उलटी बाजू? 15 नोव्हेंबर 2018. सांगितलं होतं किरकोळ स्नो, मग पाऊस. सेंट्रल पार्कात पडले 6.4 इंच, तेही नेमके संध्याकाळी ऑफिसं सुटायच्या वेळी. शाळेच्या बसमध्ये मुलं तासन्‌तास अडकली, पुलांवर गाड्या जागच्या हलेनात. त्या दिवशी खात्याने घाबरवायला हवं होतं, ते घाबरवलं नाही. नेहमी फुगवूनच सांगतात म्हणणाऱ्यांनी ही संध्याकाळ कुठल्या खात्यात मांडायची ते सांगावं.

पुढचा मुद्दा, ‘36 ला स्नो आणि 30 ला पाऊस’. यात शाळेतलं विज्ञान कमी पडतं ते मजकूर लिहिणाऱ्याचं.

आपण तापमान पाहतो ते डोक्याच्या उंचीवरचं. स्नो तयार होतो मैलभराहून खूप वर. तिथून खाली येताना तो हवेच्या थरांमधून जातो, आणि किनाऱ्यावरच्या वादळात हे थर चटईसारखे एकसारखे नसतात. समुद्रावरून आलेली ऊबदार हवा हलकी म्हणून वर चढते आणि पाच ते आठ हजार फुटांवर पाचरीसारखी घुसते. खाली डोंगरांच्या बाजूने आलेली जड, थंड हवा तशीच बसून राहते. आता वरून पडणाऱ्या स्नोच्या पाकळीचं काय होणार ते त्या पाचरीच्या उबेवर आहे. पाचरीचं कमाल तापमान 1 सेल्सिअसच्या खाली राहिलं तर पाकळी बहुतेक शाबूत उतरते. 1 ते 3 च्या मध्ये असेल तर अर्धवट वितळते आणि खालच्या थंड थरात पुन्हा गोठून स्लीट होते, कोरड्या साबुदाण्यासारखी. 3 च्या वर गेलं तर पूर्ण थेंब होतो. खालचा थंड थर जाड नसेल तर त्या थेंबाला गोठायला वेळ मिळत नाही आणि तो पाणी म्हणूनच 30 डिग्रीच्या गाडीवर, तारेवर, पायरीवर आदळतो. तिथे बर्फाची काच होते. हा फ्रीझिंग रेन. म्हणजे 30 डिग्रीला पडणारा पाऊस ही खात्याची चूक नव्हे, हिवाळ्यातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे. मी स्वतः एकदा ‘नुसता पाऊसच तर आहे’ म्हणत कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेलो, आणि डब्याच्या आधी मी रस्त्यावर पोचलो.

दोन-तीन डिग्रीत स्नो, साबुदाणा किंवा काच, असा हा मामला. तेही आपल्या डोक्यावर मैलभर उंचीवर, जिथे कुणाच्या डेकवरचं थर्मामीटर पोचत नाही. ते मोजायला लाँग आयलंडवरच्या अप्टनहून दिवसातून दोनदा उपकरण बांधलेला फुगा सोडतात. विमानं आणि उपग्रह थोडी मदत करतात. पण वादळ जिथे बाळसं धरतं त्या समुद्रावर असे रोजचे फुगे कुठले?

आणि 36 ला स्नो? त्याचं उत्तर आजीच्या माठात आहे. माठाला पाझर फुटतो, पाणी उडून जातं, आतलं पाणी गार होतं. हवा कोरडी असली की वरून पडणारा स्नो किंवा पाऊस वाटेतच थोडा उडून जातो आणि हवेला तसंच गार करतो. समजा बाहेर 38 डिग्री आहे, पण दवबिंदू 20 आहे. मग हवा ओली होता होता 31-32 पर्यंत उतरू शकते, आणि ‘38 ला कसला स्नो’ म्हणणारा तासाभरात खिडकीशी उभा राहून फोटो काढत असतो. म्हणून अंदाज करणारे नुसतं तापमान पाहत नाहीत, ओल्या फडक्याचं तापमान (वेट बल्ब), म्हणजे पाणी उडून हवा किती गार होईल ते पाहतात. शिवाय जोर असेल तर आणखी एक गंमत होते. स्नो वितळायला उष्णता लागते, ती आसपासच्या हवेतूनच ओढली जाते. जोराने पडला की तो स्वतःपुरती थंडी स्वतःच करून घेतो, रिमझिम पडला तर पाऊसच राहतो. 29 ऑक्टोबर 2011 ला हेच झालं. झाडांवर पानं होती, समुद्र अजून उन्हाळ्याच्या उबेत होता, सेंट्रल पार्कात 2.9 इंच पडले आणि उत्तरेकडे डोंगराळ वेस्ट मिलफर्डला दीड फुटावर. पानांवर ओल्या स्नोचं ओझं, फांद्या तारांवर. आमच्या गल्लीत रात्रभर फांद्या मोडण्याचा आवाज येत होता, फटाक्यांसारखा. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, म्हणून काहींना आधी ते फटाकेच वाटले.

‘समुद्राजवळ स्नो टिकत नाही’ हे अर्धंच खरं. डिसेंबरच्या सुरुवातीला इथलं पाणी पन्नाशीच्या आसपास असतं, फेब्रुवारीअखेर 40 च्या खाली उतरतं. वारा थेट पूर्वेकडून असेल तर ती ऊब आत येते, उत्तर-ईशान्येकडे वळला तर जमिनीवरची थंडी येते. वाऱ्याच्या थोड्याशा वळणाने किनारपट्टीचं भविष्य बदलतं. आणि 3 जानेवारी 2022 चं काय? दक्षिण जर्सीत भर किनाऱ्यावरच्या अटलांटिक सिटीकडे फूटभर, सेंट्रल पार्कात काही नाही. त्या दिवशी शेंबड्या पोराचं चुकलं.

‘3 ते 6 म्हणजे मोघम’ यावर मी सगळ्यात जास्त चिडतो, कारण तिथेच सगळ्यात जास्त प्रामाणिकपणा असतो. इथली वादळं दक्षिणेला नॉर्थ कॅरोलायनातल्या हॅटरसच्या टोकाजवळ उभी राहतात आणि किनाऱ्याला घासत ईशान्येला निघतात. जुने लोक एक खूण सांगतात, 40 अंश उत्तर, 70 अंश पश्चिम, नॅनटकेट बेटाच्या दक्षिणेला भर समुद्रात. साधारण तिथून वादळ गेलं तर शहरांना स्नो. किनाऱ्याला चिकटून गेलं तर ऊब आत येते आणि पाऊस. फार बाहेरून गेलं तर नुसते ढग. ही पाऊस-स्नोची सीमारेषा बऱ्याचदा आय-95 हायवेच्या आसपास पडते, म्हणजे नेमकी आपल्या सगळ्यांच्या घरांवरून. किनाऱ्यावरच्या टॉम्स रिव्हरला पाऊस, एडिसनला स्लीटची तडतड आणि उत्तरेच्या ससेक्सला दहा इंच, हे एकाच दुपारी होतं. रेषा वीस मैल हलली की एडिसनचं 3 चं 6 होतं किंवा 1 होतं. तो पल्ला म्हणजे अंग काढून घेणं नव्हे, रेषा कुठे पडेल याबद्दलची शंका इंचांत लिहिली आहे. सर्व्हिस आणखीही दोन नकाशे देते: किमान इतका पडेल याची दहात नऊ शक्यता, आणि इतका पडायची दहात एक. आमच्या ग्रुपवर दुसराच नकाशा फिरतो, कारण त्यात रंग जास्त जांभळा असतो.

अ‍ॅपवरचे आठ दिवस आधीचे 14 इंच हा तर नुसता फोनचा खेळ आहे. त्यामागे बहुतेक वेळा मॉडेलचा एक आकडा असतो, माणसाची नजर नाही. युरोपियन मॉडेल एकाच वेळी थोड्या थोड्या फरकाने पन्नासवर वेळा चालवतात, अमेरिकनही तीसेक वेळा. आठ दिवस आधी त्यातली काही वादळं समुद्रात बुडतात, काही आपल्याला गाडतात. त्यातलं एक उचलून ढगाच्या चित्राखाली छापलं की झालं 14 इंच. त्यात फेसबुकवरचे नकाशे एक इंच पाण्याचे सरळ दहा इंच स्नो धरतात आणि कित्येकदा स्लीटही त्यातच मोजतात. साबुदाण्याचे मात्र एका इंच पाण्याला दोन-तीन इंचच होतात. हिशोब करा: 0.8 इंच पाणी, म्हणजे नकाशावर 8 इंच स्नो. अर्धं स्नो म्हणून आलं, 4 इंच. अर्धं स्लीट म्हणून आलं, एक इंच. झाले 5. पाणी तेवढंच, अंदाज पाण्यापुरता अचूक, आणि ग्रुपवर बोंब, ‘8 सांगितले, 5 पडले’. शिवाय तो 5 इंचांचा थर फावड्याने उचलून बघा, 8 इंच भुसभुशीत स्नो परवडला.

राहता राहिलं ‘खिडकीतून बघा’. मीही बघतो. एका वादळाच्या पहाटे चारला डेकवर गेलो, काळ्या जॅकेटची बाही पुढे धरली. पाकळ्या एकमेकींना चिकटून मोठाल्या, भिजक्या, रुपयाएवढ्या पडत होत्या. घरातल्यांना वाटलं काय सुंदर स्नो आहे. पण पाकळ्या अशा चिकटायला लागल्या की वर ऊब जवळ आलेली असते, हे डिस्कशन वाचून कळलेलं. त्या दिवशीच्या डिस्कशनमध्ये बदल पाच ते सातच्या दरम्यान लिहिला होता. साडेपाचला गाडीच्या टपावर मोहरी तडतडल्यासारखा आवाज सुरू झाला. बाहीवर साबुदाणे उड्या मारायला लागले. मी आत येऊन चहा टाकला.

आठ वाजता ग्रुपवर पहिला मेसेज आला: ‘8 इंच कुठे गेले?’