मावशी घाबरली म्हणून काका गेले नाहीत

काकांचं तेरावं होऊन आठवडाही झाला नव्हता. रात्री साडेअकराला मावशीचा फोन. "रिपोर्ट आला तेव्हाच माझ्या मनात वाईट आलं होतं रे. म्हणून तर नाही ना गेले ते?"

नात्यातल्या एकांनी ग्रुपवर टाकलेला मेसेज तिने वाचला होता. 'क्वांटम विज्ञानाने सिद्ध केलं, चेतनाच वास्तव घडवते, मृत्यू नाहीच.' चार मुद्दे आणि खाली 'पुढे पाठवा'. मला तो तीन ठिकाणांहून आलाय.

चौथा मुद्दा आधी घेतो. बाकीचे तीन नुसते पोकळ आहेत, हा विषारी आहे: 'आजार विचारांतून येतो, घरच्यांच्या भीतीची कंपनं रुग्णाला ओढून नेतात.' काकांना तोंडाचा कॅन्सर होता आणि तीस वर्षं गालात तंबाखू-चुना होता. कंपनं कसली शोधताय? अमेरिकेत जेम्स कॉयन आणि सहकाऱ्यांनी डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांची मनःस्थिती नोंदवली आणि पुढे कोण किती जगलं ते पाहिलं. त्यांतले ६४६ दगावले. मनाने बरे असलेले आणि खचलेले, यांच्या जगण्यात फरक निघाला नाही. २००७ मध्ये हे छापून आलंय. खुद्द रुग्णाच्या मनाने जिथे आयुष्य लांबलं नाही, तिथे स्वयंपाकघरात उभ्या बाईच्या भीतीने ते तुटतं? परळला टाटाबाहेर फुटपाथवर पथारी टाकून राहणारे नातेवाईक काय निर्धास्त असतात? त्यांचेही रुग्ण बरे होऊन गावी जातातच की.

मन धड असेल तर झोप लागते, औषधं वेळेवर घेतली जातात, दुखणं सोसवतं. एवढं मान्य. त्यापुढे एक पाऊल नाही.

आता 'बघणारा असेल तरच कण' हा मुद्दा, दोन फटींच्या प्रयोगावरचा. फटींतून सोडलेले कण पडद्यावर लाटांसारखे पट्टे उमटवतात, पण कण कुठल्या फटीतून गेला हे टिपलं की पट्टे जातात. नाइलाजाने कबूल करतो, युजीन विग्नर या नोबेल विजेत्याने १९६१ मध्ये बघणाऱ्याच्या चेतनेला असं निर्णायक स्थान दिलं होतं. पुढे त्यानेच ते सोडलं, हे मेसेजात नाही. भौतिकशास्त्रातल्या 'निरीक्षणा'ला डोळा लागत नाही. २००४ मध्ये व्हिएन्नात सत्तर कार्बन अणूंचे रेणू तापवले. ते स्वतःच प्रकाश सोडू लागले, त्यातून त्यांची वाट उघड होऊ लागली आणि लहरींचे पट्टे पुसट होत गेले. त्या प्रकाशाकडे कुणी बघतही नव्हतं.

आत्म्याचं वजन २१ ग्रॅम? डंकन मॅकडूगल या अमेरिकी डॉक्टरने मरणासन्न रुग्णांचं वजन करून १९०७ मध्ये छापलं. रुग्ण सहा, त्यांतले दोन त्यानेच बाद केले, आणि २१ चा आकडा एकट्या पहिल्याचा. पंधरा कुत्र्यांचं वजन घटलं नाही, म्हणून कुत्र्यांना आत्मा नाही म्हणे. आमच्या मोत्यासमोर हे म्हणून दाखवा.

राहिले मरणाच्या दारातून परतलेले, 'छतावरून स्वतःचं शरीर पाहिलेले' लोक. त्यांचे अनुभव खोटे म्हणणार नाही. पण हृदय बंद पडून वाचलेल्यांचा अभ्यास करणारे डॉक्टर सॅम पार्निया यांच्या चमूने रुग्णालयांत वरूनच दिसतील अशी चित्रं फळ्यांवर ठेवली होती, आणि २०१४ च्या अहवालात ती पाहिलेला एकही रुग्ण नाही. (फळ्या सगळीकडे नव्हत्या, हेही खरं.) शिवाय सांगायला जे परतले, ते गेलेच नव्हते.

मावशीला यातलं थोडंच सांगितलं. नळीतून पेज भरवत चार महिने रात्री कुणी जागवल्या, एवढी आठवण करून दिली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे ग्रुपवर टाक. पण त्यांना लागेल असं लिहू नकोस, त्या दिवशी सगळ्यांत आधी तेच धावत आले होते."

दुसरं जमलं नाही.