मस्कीच्या ट्रोलिंगला समुद्री रील कशाला?

मस्की या माशाच्या नादी लागलेल्या माणसाला पहिल्याच मोसमात एक सल्ला हमखास मिळतो. आमच्या मिशिगनमधल्या मासेवेड्या मराठी मंडळींतही तो फिरत फिरत आलाय आणि आता ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. सल्ला असा: ट्रोलिंगसाठी ३०० डॉलरच्या खालची रील, म्हणजे दोर गुंडाळायची चक्री, घेऊच नका. बॉडी पूर्ण धातूची, समुद्रावर चालणारी हवी. ड्रॅग, म्हणजे दोर धरून ठेवणारा ब्रेक, किमान २५ पौंड हवा. ३०० यार्ड दोर मावला पाहिजे. स्वस्त रीलचे लाइन काउंटर, म्हणजे किती दोर सोडला ते मोजणारे, खोटे आकडे दाखवतात. आणि शंभर-सव्वाशेची रील पहिल्या मोठ्या माशालाच राम म्हणते.

मस्की म्हणजे मस्केलुंज, पाइकच्या कुळातला सगळ्यात मोठा मासा, राहणार उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यात. ट्रोलिंगमध्ये गळ फेकत बसायचं नाही. बोट ताशी ४-५ मैलांनी चालवायची आणि होल्डरमध्ये खोचलेल्या रॉडांवरून नकली मासे मागे ओढत न्यायचे. रीलचा क्लिकर लावलेला असतो, मासा लागला की कर्रकन वाजतो. एवढ्या कामाला रीलकडून काय लागतं, हा प्रश्न वरच्या सल्ल्यात कुणी विचारलेलाच नाही.

आधी ड्रॅग, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथे आहे. ओढ ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की ड्रॅग घसरतो आणि दोर सुटू लागतो. २५ पौंडांचा आकडा खोल समुद्रातल्या मासेमारीतून उसना आलाय. मस्कीला आपण लावतो ८० नाहीतर १०० पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेला दोर, जो ताणला जातच नाही म्हटलं तरी चालेल. त्यात बोट पुढे चाललेली आणि मासा उलट दिशेला मान झटकतोय. अशा वेळी ड्रॅग २५ वर आवळून ठेवला तर ट्रेबल हुक (तीन काट्यांचा गळ) जबडा फाडून निघेल, किंवा सरळ होईल, नाहीतर रॉड मोडेल. होल्डरचे स्क्रू ढिले असतील तर रॉड, रील, होल्डर सगळंच तळ्यार्पण. म्हणून ट्रोलिंगला ड्रॅग साधारण ६ ते १० पौंडांवर ठेवतात. मासा लागला की रॉड हातात घेऊन हवा तर आवळायचा.

यावर एक रास्त आक्षेप येतो. मस्की सोडून द्यायचा असतो. मिनेसोटात बहुतेक तळ्यांत ५४ इंचांपेक्षा लहान मस्की ठेवताच येत नाही. मग जोरदार ड्रॅग असेल तर मासा लवकर हाताशी येईल, दमणार नाही, जगेल, असं म्हणतात. हेतू चांगला आहे. पण मासा लवकर हाताशी येतो तो बोटीचा गिअर न्यूट्रलला टाकल्याने, मोठं जाळं तयार ठेवल्याने आणि हुक कापायचा कटर खिशात असल्याने. पाणी २७ अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की जाणते लोक मस्कीच्या वाटेलाच जात नाहीत, तेव्हा कुठलाच ड्रॅग त्याला वाचवत नाही. शिवाय १२-१५ पौंडांची ओढ सव्वाशेची रीलही सहज देते. तिच्या खोक्यावरही २० पौंडांच्या आसपासचा आकडा छापलेला असतोच.

बघायचं ते वेगळंच. ड्रॅग किती धरतो यापेक्षा सुटताना कसा सुटतो हे बघा. सामान तोलायचा हातातला काटा दोराच्या टोकाला अडकवा आणि सावकाश ओढा. चांगल्या ड्रॅगमध्ये काटा ७ वर चढतो, स्पूल (दोर गुंडाळलेलं रीळ) फिरायला लागतं आणि काटा ७ च्या आसपासच राहतो. वाईट ड्रॅगमध्ये तो ११ वर चढतो, खाडकन सुटतो, ५ वर येतो, पुन्हा अडकतो. मासा सुटतो तो या ११ आणि ५ च्या मधल्या झटक्यात. कार्बनच्या चकत्या असल्या तर हा चिकटपणा सहसा नसतो, आणि त्या चकत्या आता मधल्या किमतीच्या रीलमध्येही येतात. मोसम संपल्यावर ड्रॅग ढिला करून ठेवायला मात्र विसरू नका. आवळलेला राहिला की महागाची रीलही अडखळायला लागते.

आता काउंटर. स्वस्त काउंटर खोटं बोलतो, म्हणे. अहो, सगळेच बोलतात! काउंटर दोर मोजत नाही, स्पूलचे फेरे मोजतो. भरलेल्या स्पूलचा व्यास ५ सेंटिमीटर असेल तर एका फेऱ्यात १५.७ सेंटिमीटर दोर जातो. तेच स्पूल अर्धवट भरलेलं, व्यास ४ सेंटिमीटर, तर १२.६ च जातो. काउंटरला हा फरक कळायचा काही मार्ग नाही. तो १०० फूट दाखवतो, पाण्यात असतात ८०. ही चूक ३०० डॉलरच्या रीलमध्येही तेवढीच होते, कारण ती यंत्राची नाही, दोर भरणाऱ्याची आहे. स्पूल काठोकाठ भरलं की काम झालं. पातळ ब्रेडचे शंभर फूट म्हणजे वरचे दोन-तीन थर, तेवढ्याने व्यासात नावापुरता फरक पडतो.

आणि खरी लांबी कळून तरी काय करायचंय? आपल्याला हवं असतं ते एवढंच, की ज्या आकड्यावर मासा लागला त्याच आकड्यावर तो ल्यूर, म्हणजे नकली मासा, पुन्हा सोडता यावा. मिशिगनच्या सीमेवरचं सेंट क्लेअर तळं सरासरी ११ फूट खोल, नैसर्गिक खोली जास्तीत जास्त २१ फूट. अशा उथळ पाण्यात ल्यूर फूटभर खाली गेला की गवतात, फूटभर वर राहिला की रिकाम्या पाण्यात. त्यामुळे सगळ्या रील एकाच मॉडेलच्या आणि एकसारख्याच भरलेल्या असणं जास्त मोलाचं. मैदानात १०० फुटांचा टेप पसरा, दोर ओढा, काउंटर काय म्हणतो ते चिकटपट्टीवर लिहून रीललाच लावा. पाच मिनिटांचं काम.

इथेच पैशाचा प्रश्न येतो, जो ३०० वाले कधी काढत नाहीत. मिशिगनमध्ये एका माणसाला तीन दोर टाकता येतात. दोघं बोटीत असले की सहा रॉड, सहा रील. ३०० च्या सहा म्हणजे १८००. १२० च्या सहा म्हणजे ७२०. वाचलेल्या हजारात उत्तम जाळं, होल्डर, कटर आणि पेट्रोल येऊन वर उरतात. मिनेसोटात उघड्या पाण्यावर माणशी एकच दोर चालतो. तिथे कुणी शिमानो टेकोटासारखी एकच महागडी रील घेतली तर मी नाक मुरडणार नाही. रील सुरेखच आहे. पण तोच सल्ला सहा रॉडवाल्याला देणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

३०० यार्डांचं झटपट उरकतो. मस्की लांब पळत नाही. तो लोळतो, उसळतो, बोटीखाली घुसतो. दोर सोडलेला असतो २० ते १०० फूट, कधी तर ल्यूर मोटरच्या पंख्याच्या फेसातच असतो. मोठं स्पूल घ्या, पण व्यासासाठी, म्हणजे एका फेऱ्यात जास्त दोर आत येईल. तळाशी स्वस्त मोनो, म्हणजे एकपदरी नायलॉनचा दोर, भरा आणि वर ब्रेड. मोनोमुळे दुसराही फायदा होतो: नुसता ब्रेड गुळगुळीत स्पूलवर अख्खाच्या अख्खा गोल फिरतो आणि माणूस ड्रॅगला शिव्या घालत बसतो.

धातूच्या बॉडीबद्दल. खाऱ्या पाण्यात तो आग्रह बरोबर आहे. कोकणात खाडीवर चोणक गरवणाऱ्याला विचारा, एक दिवस रील न धुता ठेवली तर बेअरिंगचं काय होतं. बंदिस्त बॉडी, गंज न धरणारे भाग, याचे पैसे तिथे वसूल होतात. गोड्या पाण्यात आपण त्या पैशाने न येणाऱ्या शत्रूसाठी तटबंदी बांधतो. मात्र ग्राफाइटची फ्रेम अगदीच पातळ असेल तर खोल जाणाऱ्या मोठ्या ल्यूरच्या ओढीने ती पिळते आणि गिअर घसरतात, हे खरं आहे. दुकानात फ्रेम दोन्ही हातांत धरून पिळून बघा. हलली तर परत ठेवा.

म्हणजे टिकण्याबद्दलचा आक्षेप पन्नास-साठ डॉलरच्या रीलबाबत बराचसा मान्य. तिथे क्लिकर इतका मिणमिणता की मोटरच्या आवाजात ऐकूच येत नाही, आणि हँडल तोकडं. सेंट क्लेअरला दर थोड्या वेळाने गवत काढायला दोर गुंडाळावा लागतो, तेव्हा तोकडं हँडल मनगट खातं. पण ओकुमाची कोल्ड वॉटर किंवा कन्व्हेक्टर, दायवाची सीलाइन या साधारण शंभर ते दीडशेच्या टप्प्यातल्या रील मस्कीवाल्यांच्या बोटींवर सर्रास दिसतात. रोज गिऱ्हाइकं नेणाऱ्या चार्टरवाल्याचं गणित वेगळं. शनिवार-रविवारी जाणाऱ्याला त्या पुरून उरतात.

त्या बिघडतात तेव्हा बहुतेक वेळा दोर स्पूलवर एकसारखा पसरवणाऱ्या लेव्हल विंडमध्ये बिघडतात. आडव्या मळसूत्रात फिरणारा नखाएवढा तुकडा झिजतो आणि दोर एकाच जागी ढीग घालायला लागतो. तुकडा काही डॉलरचा आहे, स्क्रूड्रायव्हरने बदलता येतो. मळसूत्र पुसून तेलाचा थेंब सोडत राहिलात तर ती वेळही लवकर येत नाही. जुनी रील घेत असाल तर आधी तिथेच बघा: दोर हाताने ओढत मार्गदर्शक कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन परत आणा. मध्ये अडली तर किंमत पाडून मागा. मग हँडल उलटं फिरवून बघा, ते मागे फिरत जाता कामा नये. गेलं तर फुकट दिली तरी घेऊ नका.