ओरिजिनल आणलंत ना?

इंजिनिअरिंग संपलं. कॅम्पसला जी एकुलती एक कंपनी आली तिनं मोजक्यांना उचललं, त्यात तुम्ही नव्हता, आणि ही गोष्ट तुमच्या आधी गावाला कळली. पानटपरीपासून देवळाच्या पारापर्यंत ‘मग, लागला का कुठं?’ हा एकच प्रश्न तुमची वाट बघत बसलेला आहे. बीसीए, बीसीएस, एमसीएवाल्यांनीही स्वतःला यातच धरावं. विचारणारे शाखा बघत नाहीत. तर आता पुण्याला निघा. कर्वेनगर, नऱ्हे, नाहीतर वाकडला कॉट बेसिसवर जागा बघा, डबा लावा आणि ‘ट्रेनिंग अँड प्लेसमेंट’ असा फलक दिसेल तो जिना चढा.

जिना चढताना एक मोह टाळा. राज्य सरकारनं २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, त्यात पदवीधराला शिकता शिकता महिन्याला १०,००० रुपये विद्यावेतन ठरवलं होतं. असल्या आमिषाला भुलू नका. जिथं शिकण्याचे पैसे मिळतात तिथं शिकवत काय असणार? चांगल्या ठिकाणी आपण पैसे भरायचे असतात, आणि भरताना ‘सर, दोन हप्त्यांत चालेल का?’ असं विचारताना आवाज थोडा खाली आणायचा असतो.

वर गेल्यावर काउन्सेलर मॅडम भेटतील. त्या तुम्हाला सांगतील की हा क्लास नव्हे, ही कंपनी आहे. फरक नीट समजून घ्या. क्लासमध्ये तुम्ही विद्यार्थी असता, फी भरता, शिकता आणि घरी जाता. कंपनीत तुम्ही पहिल्या दिवसापासून कर्मचारी. आयकार्ड मिळतं, गळ्यात पट्टा येतो, हजेरीला बोटाचा ठसा लागतो आणि उशीर झाला तर दंड. पगार तेवढा ‘डिप्लॉयमेंट’नंतर, म्हणजे कंपनीनं तुम्हाला एखाद्या क्लायंटकडे कामाला पाठवल्यावर. तोवर तुम्ही जे भरता त्याला फी म्हणायचं नाही, ‘सिक्युरिटी’ म्हणायचं. आणि त्यावर पावती मागू नका. कुटुंबात कुणी पावती मागतं का? इथं सगळे एकाच कुटुंबातले आहेत, हे पहिल्याच दिवशी मोठ्या पडद्यावर दाखवतात.

भिंतीवरच्या फोटोंकडे आदरानं बघा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. निवडीची किंवा नोकरीची हमी देऊ नका, यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो त्याची लेखी संमती घेतल्याशिवाय लावू नका, आणि ती संमतीही निवड झाल्यावरच घ्या, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. कंपनीनं हे फार मनावर घेतलं. फलकावर पूर्वी ‘१००% प्लेसमेंट गॅरंटी’ होतं, तिथं आता ‘१००% प्लेसमेंट असिस्टन्स’ आहे. रंग तोच, अक्षरांची उंची तीच, शंभरही तेच. फोटोतला चष्मेवाला मुलगा मात्र अजून आहे. तो शेजारच्या खोलीत तुमच्याच बॅचला जावा शिकवतो. म्हणजे प्लेसमेंट झाली, हे नाकारता येणार नाही.

मग एचआर गोड आवाजात विचारतील, “ओरिजिनल आणलंत ना?” दहावी, बारावी, आठही सेमिस्टरच्या मार्कशीट, पदवी प्रमाणपत्र, सगळं. द्या. झेरॉक्सवर भागेल का, असं विचारणारा मुलगा पुढं आयुष्यात काहीच करू शकत नाही, असं त्या कपाटाच्या किल्लीकडे बघितलं की कळतं. तुमची कागदपत्रं तिथं सुरक्षित राहतात; इतकी की पुढं दुसऱ्या कंपनीनं बघायला मागितली तर तुम्हालाही ती तिथून काढता येत नाहीत.

बाँडचा स्टॅम्प पेपर तुम्हीच आणायचा. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचे दिवस गेले, आता पाचशेचा. मजकूर वाचत बसू नका, मागं रांग असते. दोन वर्षं सोडायचं नाही, सोडलं तर दोन लाख, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. मधेच एखादा शहाणा वकील मित्र सांगेल की करार कायद्याचं ७४ वं कलम वाजवी भरपाईपुरतंच आहे, कागदावर लिहिला म्हणून आकडा आपोआप वसूल होत नाही. त्याला सांगा की आमच्या एचआरना त्याच्यापेक्षा जास्त कायदा कळतो. त्या तुम्हाला मे २०२५ मधला सर्वोच्च न्यायालयाचा विजया बँकेचा निकाल ऐकवतील: बँकेतल्या अधिकाऱ्यानं तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली आणि बाँडचे दोन लाख कोर्टानं वैध ठरवले. आकडासुद्धा जुळतो की नाही? ते प्रकरण सार्वजनिक बँकेचं होतं, तो माणूस सीनियर मॅनेजर होता, आणि खुली जाहिरात देऊन रीतसर भरती करायला बँकेला खर्च येतो हा त्यातला मुद्दा होता, हे एचआर सांगणार नाहीत. तुमच्या भरतीला आलेला खर्च म्हणजे कॉलेजच्या जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा एक मेसेज.

आता शिक्षणाविषयी थोडक्यात, कारण ते तिथंही थोडक्यातच असतं. तीन महिन्यांत जावा, स्प्रिंग, अँग्युलर, एसक्यूएल आणि ‘एआय’ उरकतात. शिकवणारा चष्मेवाला मागच्या बॅचचा. त्याला अडलं की तो यूट्यूबवर बघतो, तुम्हाला अडलं की तुम्ही त्याला विचारता, म्हणून मधला टप्पा गाळून तुम्हीही थेट यूट्यूबवर बघा. त्याच्यावर चिडू मात्र नका. त्याच्या बाँडचे आठ महिने राहिलेत.

खरं शिक्षण मॉक इंटरव्ह्यूच्या आठवड्यात सुरू होतं. तिथं तुम्हाला समजतं की फ्रेशरला मार्केट नाही. मोठ्या कंपन्या फ्रेशरला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास देतात, त्यातही ऑफर लेटर हातात देऊन जॉइनिंगला वर्ष-दीड वर्ष ताटकळत ठेवल्याची उदाहरणं पेपरात येऊन गेलीत. मग शहाण्यानं काय करावं? अनुभवी व्हावं. गेल्या जूनमध्ये पास झालेला मुलगा या जूनमध्ये तीन वर्षांचा अनुभवी होतो, हा चमत्कार दुसरीकडे कुठं बघायला मिळणार नाही. तुमच्या सीव्हीत एका बँकेचा प्रोजेक्ट येतो, टीममध्ये सात जण येतात, मॅनेजरचं नावही येतं. ते सगळं पाठ करा. मॅनेजरचं आडनाव विसरू नका. सगळे तिथंच अडखळतात.

तरीही तुम्ही विचारालच की पीएफचं काय. कारण बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले यूएएनवरून, म्हणजे पीएफ खात्याच्या क्रमांकावरून, नोकऱ्यांचा इतिहास काढतात, आणि जिथं तीन वर्षं काम केलं म्हणता त्या मालकानं तुमच्या नावावर एक रुपया भरलेला नसतो. त्याचीही सोय होते, वेगळ्या पैशात. नोव्हेंबर २०२२ मध्ये ॲक्सेंचरनं भारतात अस्तित्वात नसलेल्या कंपन्यांची अनुभवपत्रं पकडली आणि ती देणाऱ्यांना घरी पाठवलं, असली निराशाजनक माहिती तुम्ही वाचत बसू नये. कंपनीचं म्हणणं असं की पकडला गेला तर त्यात उमेदवाराचा आत्मविश्वास कमी पडला. आणि कागद खोटा निघाला तर त्यावर सही तुमची असते, कंपनीची नसते. कामाची वाटणी अशी चोख लागते.

डिप्लॉयमेंट झालीच तर हिंजवडीतल्या एखाद्या चकचकीत इमारतीत होईल. तिथं तुम्ही क्लायंटच्या कर्मचाऱ्यांच्या शेजारी बसाल, पण आयकार्डाचा पट्टा वेगळ्या रंगाचा असेल, त्यावरून कॅन्टीनमधल्या पोऱ्यालासुद्धा कळेल तुम्ही कोण. जावा शिकलात म्हणून जावाच मिळेल अशी हावरट अपेक्षा धरू नका. रात्रपाळीचा प्रॉडक्शन सपोर्ट, तिकिटं बंद करणं, एक्सेलमध्ये रकाने जुळवणं, यालाही आयटीच म्हणतात. क्लायंट तुमच्यासाठी कंपनीला महिन्याला काय मोजतो, हे विचारणं असभ्यपणाचं. प्रोजेक्ट संपला की तुम्ही बेंचवर, म्हणजे पुढचं काम मिळेपर्यंत बसून. बेंचवर अर्धा पगार, पुढं पाव, पण येणं पूर्ण वेळ. आणि या काळात कंपनी तुम्हाला रिकामं बसू देत नाही: फोन देते.

हा फोनचा भाग मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण इथं भलेभले बुजतात. हातात एक्सेलची यादी येते. आपल्याच विद्यापीठातली, गेल्या वर्षी पास झालेली मुलं: नाव, मोबाईल, टक्के. तुम्ही काल काउन्सेलर मॅडमकडून ऐकलेलं आज तुम्ही ऐकवायचं. मुलगा ‘विचार करून सांगतो’ म्हणाला की वडिलांचा नंबर मागायचा. वडिलांना ‘काका’ म्हणायचं. काका सोयाबीनला भाव नाही म्हणतील, मध्येच गप्प होतील, मग विचारतील, “बाळा, तू पण तिथूनच लागलास का?” यावर गडबडू नका. ‘हो’ म्हणा. खोटं नाही ते. तुम्ही लागलाच आहात.

एखाद्या रात्री कॉटवर पडल्या पडल्या तुमच्या डोक्यात येईल की बाँड टिकणारा नाही, कपाटातली मार्कशीट विद्यापीठाकडे अर्ज करून दुय्यम प्रत मिळते, कामगार आयुक्तांचं ऑफिस इथंच वाकडेवाडीला आहे, मग आपल्याला नेमकं अडवलंय कुणी? तर पेढ्यांनी. तुम्ही आयकार्डाचा फोटो ज्या दिवशी घरी पाठवलात त्याच संध्याकाळी आईनं गल्लीत पेढे वाटले. वडिलांनी सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगितलं. मामांनी फेसबुकवर ‘आमच्या भाच्याची पुण्यातील नामांकित आयटी कंपनीत निवड’ असं टाकलं, त्यावर दोनशे जणांनी अभिनंदन केलं आणि दोघांनी स्थळ सुचवलं. आता ते परत कसं घेणार? स्टॅम्प पेपर करणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. म्हणून तर जॉइनिंगच्या दिवशी हार घालून फोटो काढतात आणि ‘आई-बाबांना पाठवा’ म्हणून आठवण करतात. बाकी कुठल्या मेलला उत्तर आलं नाही तरी तो फोटो मात्र दहा मिनिटांत येतो.

तेव्हा घरी काय सांगायचं याची तयारी आधीच ठेवा. पगार विचारला तर पॅकेज सांगा, वार्षिक, लाखांत. पैसे पाठवता आले नाहीत तर टॅक्स कापला म्हणा. दिवाळीला सुट्टी मिळाली नाही तर अमेरिकेच्या क्लायंटला दिवाळी नसते म्हणा. हे बाबांना अभिमानानं चारचौघांत सांगता येतं. ‘ऑफिस दाखव की व्हिडिओ कॉलवर’ असा आग्रह झाला तर ‘सिक्युरिटी अलाउ करत नाही’. लिंक्डइनवर आनंद जाहीर करा, गूगलवर पाच तारे द्या. तारे न देणाऱ्याचं अनुभवपत्र अडकतं, असं कुणीही लेखी सांगितलेलं नाही.

दोन वर्षं झाली की रिलीव्हिंग लेटर मागायला जा. ते मिळायला एक महिना लागेल, किंवा तीन, किंवा एचआर बदललेल्या असतील आणि नव्या मॅडम म्हणतील की तुमच्या बाँडचा काळ डिप्लॉयमेंटपासून धरायचा असतो, जॉइनिंगपासून नाही. भांडू नका. त्याच आठवड्यात मामांचा फोन येईल. बारक्याचं इंजिनिअरिंग झालंय, कॅम्पसला काही जमलं नाही, घरी नुसता बसून असतो, तुझ्या कंपनीत बघ ना काहीतरी. तुम्ही क्षणभर थांबाल, थांबू नका. कंपनीत रेफरलची योजना आहे, उमेदवारानं सिक्युरिटी भरली की आठवड्याच्या आत तुमच्या खात्यात पैसे येतात, आणि इथं दोन वर्षांत वेळेवर मिळालेले ते पहिलेच पैसे असतील. मामांना म्हणा, पाठवून द्या त्याला सोमवारी. आणि ओरिजिनल बरोबर घेऊन यायला सांगा.