फोंड्याच्या दुकानातून उत्तर: बैलगाडी झालेल्या लॅपटॉपबद्दल

नमस्कार ताई,

तुमच्या रिव्ह्यूतला एक स्टार बघून आधी राग आला, खोटं का बोलू. मग तुम्ही जोडलेला फोटो मोठा करून पाहिला आणि राग आमच्याच काउंटरकडे वळला.

तुमचं म्हणणं असं: चवथीच्या आधी लेकीसाठी नवा लॅपटॉप घेतला, आम्ही कमिशनपायी अँटीव्हायरस गळ्यात मारला आणि आठवड्यात त्याची बैलगाडी झाली. फोटोत लेकीने टास्क मॅनेजर, म्हणजे लॅपटॉपचा कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारी खिडकी, उघडलाय (हुशार आहे पोर). डिस्कच्या रकान्यात १०० टक्के, आणि खाली घड्याळाशेजारी एक नव्हे, दोन अँटीव्हायरसची चिन्हं. एक आम्ही टाकलेला. दुसरा लॅपटॉपबरोबरच आलेला, ३० दिवस फुकटवाला. तो काढून मग आमचा टाकायचा, ते आमच्या मुलाकडून राहून गेलं. चवथीची गर्दी होती, पण ते तुम्ही का ऐकून घ्यावं?

फाइल उघडली की अँटीव्हायरस ती आधी तपासतो. दोन असले की एकाने तपासायला उघडलेली फाइल दुसराही तपासायला घेतो, आणि डिस्क बिचारी दोघांच्या मध्ये भरडली जाते. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर त्या बाबतीत शहाणा, बाहेरचा आला की आपणहून बाजूला होतो. बाहेरचे दोघे एकमेकांना तशी वाट देतीलच असं नाही.

आता एकच अँटीव्हायरस असला तर लॅपटॉप मंदावतो का? थोडा, हो. मोठं सॉफ्टवेअर टाकताना किंवा पेन ड्राइव्हवरून ढीगभर फाइली उतरवताना जाणवतं, टाइप करताना सहसा नाही. पहिल्यांदा सगळी डिस्क तपासतो तेव्हा मात्र लॅपटॉप जड वाटतोच. त्यात नव्या मशीनचे पहिले चार दिवस तसेही धांदलीचे. अपडेट उतरत असतात, शोधासाठी फाइलींची यादी बनत असते, वनड्राइव्ह फोटो इंटरनेटवर चढवत असतो. तेवढं खापर अँटीव्हायरसवर नको.

कमिशन मिळतं. विंडोज ११ मध्ये डिफेंडर फुकट येतो आणि कॉलेजच्या वापराला पुरतो, हे बिल करण्याआधी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. इथे तुमची तक्रार शंभर टक्के मान्य.

फक्त "अँटीव्हायरस मुळी हवाच कशाला" हे पटलं नाही. लेक फर्मागुडीला शिकते, जर्नलचे प्रिंट झेरॉक्सवाल्याकडे काढणार. तिथून परत आलेल्या पेन ड्राइव्हमध्ये व्हायरसने सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट होऊन बसलेले आम्ही कितीदा साफ केलेत. काहीतरी एक चालू हवंच.

रविवार सोडून कधीही या. दोन्ही काढतो, मागे राहिलेले तुकडे त्या त्या कंपनीच्या क्लीनरने साफ करतो आणि डिफेंडर चालू झाल्याचं लेकीला दाखवतो. अँटीव्हायरसचे पैसे परत, बिल हरवलं असलं तरी. यायला जमत नसेल तर तिलाच सांगा: सेटिंग्ज, मग अ‍ॅप्स, तिथून एक काढायचा, रीस्टार्ट करायचं, मग दुसरा. घाईत दोन्ही एकदम नको.

आणि आलात तर चार्जर आणा. सफाई अर्ध्यावर असताना बॅटरी गेली तर परत पहिल्यापासून.